फियाटच्या पोटात कॅमेरा

प्रीमियर पद्मिनी या मुंबईच्या जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची बाहेरून मोजलेली रुंदीही दीड मीटर भरत नाही. मुंबईकर तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिला. तिच्या मागच्या सीटवर बसून फोटो काढणाऱ्याचे स्वतःचे गुडघे आधी चौकटीत येतात, टॅक्सी नंतर.

मग तो १६ मिलिमीटरची लेन्स लावतो. सगळं मावतं खरं, पण कडेचं स्टिअरिंग ताणलं जाऊन लंबगोल होतं आणि एवढीशी टॅक्सी बेस्टच्या बसएवढी भासते. त्यापेक्षा २४ची लेन्स बरी. कॅमेरा मागच्या काचेला टेकवावा आणि चौकट कॅमेऱ्याशी जोडलेल्या मोबाइलच्या पडद्यावर बघून जुळवावी.

खरी पंचाईत उजेडाची. काचेबाहेर ऊन रणरणतंय आणि डॅशबोर्डखाली मिट्ट काळोख. आतलं दिसेल असं एक्स्पोजर दिलं, की खिडक्या पांढऱ्याफटक. फ्लॅश मारला तर पुढच्या सीटची पाठ उजळून जाते आणि देवाच्या तसबिरीपर्यंत प्रकाश जेमतेम पोचतो. अंतर दुप्पट झालं की तो चौथाईच उरतो. छतावर आपटून परतवावा, तर काळी-पिवळीचं छत कोरं पांढरं कुठलं? लाल गुलाबांच्या रेक्झीनवरून आलेला प्रकाश गिऱ्हाइकाच्या गालांवर फुकटची लाली चढवतो.

छायाचित्रकार वॉकर इव्हान्स यांनी १९३८ ते १९४१ या काळात न्यू यॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाआड कॅमेरा लपवून, फ्लॅशशिवाय प्रवासी टिपले. याउलट स्कॉटलंडच्या डगी वॉलेस यांनी ‘रोड वाला’ या पुस्तकासाठी मुंबईच्या टॅक्सींवर फ्लॅशचा भडिमार केला. दोन्ही चालतं. न चालणारा प्रकार तिसराच: तीन-चार एक्स्पोजर एकत्र करून प्रत्येक सावली पुसून टाकायची. त्याने जुनी टॅक्सी शोरूममधली दिसते, आणि फियाट आतून कधीच तशी नव्हती.

२०१५ मध्ये ‘टॅक्सी फॅब्रिक’ या उपक्रमाने तरुण चित्रकारांकडून सीटा नि छतं सजवून घेतली, तेव्हा कुठे लोकांनी माना वर केल्या. त्याआधीची छतं चालकांनी आपल्या हौसेने निवडलेली होती. त्यांची नोंद कोण ठेवणार?

शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ रोजी. टॅक्सी म्हणून चालण्याची तिची वीस वर्षांची मुदत २०२३ मध्ये संपली. आता कुणाच्या अंगणात अशी एखादी उभी असेल, तर ढगाळ सकाळ बघा, काचांवर बाहेरून पातळ पांढरं धोतर टाका, कॅमेरा घट्ट टेकवून दोन सेकंदांचं एक्स्पोजर द्या. आणि छत तेवढं विसरू नका.