दहा मीटरचा कॅमेरा, गुडघाभर पाणी

सहल मे महिन्यात ठरली होती आणि कॅमेरा पौषातच घरी आला. म्हणजे तयारीला चार महिने. नारायणगावात माझं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, औषधं, फवारणीचे पंप विकतो. उन्हाळी टोमॅटोची लागण सुरू झाली की दुकानातून मान वर काढता येत नाही, म्हणून जे काय करायचं ते आधीच उरकून ठेवू, असा हिशेब होता. उरकलंही. फक्त उरकलं ते सगळं मला आवडणारं काम होतं.

खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जायचं हे मुलीचं टुमणं. हे पार्क २०१३ साली सुरू झालं आणि त्यातल्या नायट्रो या रोलर कोस्टरचे व्हिडिओ तिला तोंडपाठ. त्या गाडीला तळ नाही, माणूस बसतो आणि पाय अधांतरी लोंबत राहतात. त्यात बसून ओरडायचं, एवढंच तिला हवं होतं. छातीला कॅमेरा बांधून तो थरार टिपायचा आणि भावकीच्या ग्रुपवर टाकायचा, हे खूळ माझं. घरात मात्र मी ‘पोरांच्या आठवणी राहतील’ असं सांगून पैसे काढले.

ॲक्शन कॅमेरा ही चीज मुळात लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्यांसाठी जन्मली. निक वुडमन नावाच्या अमेरिकन तरुणाला सर्फिंग करताना स्वतःचे फोटो हवे होते, म्हणून त्याने कॅमेरा मनगटाला बांधायची युक्ती काढली. २००४ मध्ये गोप्रोचा पहिला कॅमेरा आला तो चक्क फिल्मचा रोल घालायचा. माझा कॅमेरा दुसऱ्या कंपनीचा, पण कुळी तीच. मुठीत मावेल एवढा आणि खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं, दहा मीटर खोल पाण्यात चालतो. ते खोकं मी दुकानात काउंटरवर ठेवलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. आत एक पुस्तिका होती. पाण्यात चालण्याची अट तिच्यात छापलेली होती. पुस्तिका मी उघडली नाही.

पहिली चाचणी थापलिंगाच्या यात्रेत घ्यायची ठरवली. आंबेगाव तालुक्यात नागापूरला डोंगरावर हा खंडोबा आहे, पौष पौर्णिमेला यात्रा भरते, आणि माझी सासुरवाडी त्याच अंगाला. यात्रा म्हणजे बैलगाडे. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधली साडेसात वर्षं आमच्या दोन्ही तालुक्यांतल्या बैलवाल्यांनी कशी काढली यावर वेगळं लिहावं लागेल. सांगायचा मुद्दा असा, की आता घाटात जेवढी माणसं तेवढे मोबाइल असतात आणि बारी सुटली की सगळे हात वर जातात. माझ्या हातात काहीतरी वेगळं असावं, ही हौस होतीच.

थापलिंगाला भंडारा उधळतात म्हणजे किती, हे तिथे गेल्याशिवाय कळायचं नाही. येळकोटाचा गजर उठला की समोरचा माणूस दिसेनासा होतो. कानात, पापण्यांत, खिशात, सगळीकडे पिवळं. मेव्हणा म्हणाला, “दाजी, ते खिशात घाला. भंडाऱ्यानं भरंल.” मी म्हणालो, “ह्याला काय होत नाय, पाण्यात चालतो.” आणि तेवढ्यात बॅटरी संपली म्हणून त्याच धुरळ्यात, उभ्या उभ्या, कॅमेऱ्याच्या पोटाचं दार उघडून दुसरी बॅटरी घातली. दार टक् वाजलं. ते टक् ऐकून मी निर्धास्त झालो.

घरी येऊन पाहिलं तर चार बैल आणि पुढे पळणारी घोडी मिळून पडद्यावर माझ्या नखाएवढी. या कॅमेऱ्याचं भिंग फार रुंद असतं. जवळचं पोटात घेतं आणि दूरचं आणखी दूर ढकलतं. चार पावलांवरच्या माणसासाठी ते उत्तम, घाटाच्या कडेवरून निकामी. यातून शिकायचं ते एवढंच होतं, की माणसाच्या जवळ जा. मी काय शिकलो? चित्राची प्रत वाढवायची. कॅमेरा फोर-के आणि सेकंदाला ६० चित्रं यावर लावला आणि तो तसाच ठेवला.

आईने यात्रेहून आलेल्या सगळ्या वस्तू साबणाच्या फडक्याने पुसल्या, कॅमेराही. हळदीला साबण लागला की ती लालसर होते, हे कुंकवाच्या घरात वाढलेल्या माणसाला सांगायला नको. दुसऱ्या दिवशी दाराच्या फटीत मला बारीक लाल रेघ दिसली. आतलं रबर लाल रंगाचं असावं, असं मी ठरवून टाकलं. उलट कंपनीने रंग छान दिलाय, असं बायकोला दाखवलंही.

मग खरेदी. छातीचा पट्टा, डोक्याचा पट्टा, काठी, पाण्यावर तरंगणारी नारिंगी मूठ. कार्डाला मात्र पैसे घालवले नाहीत, कारण घरात जुन्या फोनमधलं १२८ जीबीचं कार्ड पडून होतं. जागा भरपूर म्हणजे काम झालं, अशी माझी समजूत. पण कार्डाला पोटाबरोबर वेगही असतो. त्या कार्डावर गोलात १० लिहिलं होतं, म्हणजे सेकंदाला किमान १० मेगाबाइट लिहिण्याची हमी. माझा कॅमेरा लावलेल्या प्रतीवर सेकंदाला १०० मेगाबिट ओकत होता, भागिले आठ केलं की साडेबारा मेगाबाइट. दहाची हमी असलेल्याच्या गळ्यात साडेबाराचं काम. व्ही ३० असं छापलेलं कार्ड तीसची हमी देतं आणि ते माझ्या छातीच्या पट्ट्यापेक्षा महाग नव्हतं. शेतकऱ्याला एकरी किती लिटर पाणी आणि पंपाला किती दाब, हे मी रोज कागदावर करून देतो. हे गणित त्याहून सोपं होतं.

निघालो पहाटे चारला. आमच्याकडे त्या वेळेला उसाच्या कडेने जायचं म्हणजे बिबट्याचा विषय निघतोच, म्हणून कॅमेरा काचेला चिकटवून चालू केला. मुलं मंचरपर्यंत श्वास रोखून बसली, खेडला झोपली. बिबट्या सोडा, ससाही आडवा आला नाही. चाकणला उजाडल्यावर कळलं की कॅमेरा कधीच बंद पडलाय, पडद्यावर कार्डाबद्दल काहीतरी इंग्रजी लिहिलंय. जेवढं चित्र आलं होतं त्यात रस्त्याच्या दिव्यांच्या शेपट्या तेवढ्या दिसत होत्या. हादरे घालवण्याची सोय अंधारात उलट वागते हे तेव्हा कळलं. प्रकाश कमी म्हणून एकेक चित्र जास्त वेळ उघडं राहतं, त्यात हादऱ्याचा फराटा उमटतो, आणि कॅमेरा चौकट सरळ करतो पण फराटा तसाच ठेवतो.

पार्कच्या दारात मे महिन्याचं ऊन. तिथे तोच निरोप पुन्हा आला आणि वर कॅमेरा तापला. हे यंत्र पळत्या माणसासाठी बनवलंय, वाऱ्याने थंड व्हावं म्हणून. त्याच्यात पंखा नाही. रांगेत खांबासारखं उभं राहून, तेही सगळ्यात जड प्रतीवर चालवलं तर ते चुलीवरच्या तव्याइतकं होतं. शेवटी मुलीने माझ्या हातातून घेतलं, प्रत उतरवून साध्या फुल एचडीवर आणली आणि म्हणाली, “पप्पा, बघायचं फोनवरच आहे ना?” त्यानंतर दिवसभर कार्डाने कुरकुर केली नाही.

नायट्रोच्या रांगेत मी छातीला पट्टा आवळून, पोट आत घेऊन उभा. दाराशी उभ्या मुलाने नम्रपणे सांगितलं की सुटी वस्तू वर नेता येत नाही, लॉकरमध्ये ठेवा. मी म्हणालो, सुटी कुठे, बांधलेली आहे. तो हसला. रोज माझ्यासारखे किती भेटत असतील कोण जाणे. घरी येऊन गणित केलं तेव्हा त्याचं पटलं. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने सुटलेला कॅमेरा खाली कुणाला लागला, तर तो सुमारे चाळीस मीटर उंचीवरून, म्हणजे बारा-तेरा मजल्यांवरून, डोक्यात पडल्यासारखा लागेल. जगभर हीच रीत आहे. डिस्नेने तर २०१५ च्या जूनअखेर आपल्या पार्कांत सेल्फीची काठीसुद्धा बंद केली. हे सगळं मला माहीत नव्हतं असं म्हणण्यात अर्थ नाही. चार महिन्यांत मी पट्ट्यांची तुलना करणारे व्हिडिओ रात्र रात्र पाहिले, पार्कचे नियम एकदाही वाचले नाहीत. वाचले असते तर छातीचा पट्टा घ्यावा लागला नसता, आणि मला तो घ्यायचा होता.

तेव्हा कॅमेरा आईच्या पिशवीत घालून पिशवी लॉकरमध्ये टाकली आणि रिकाम्या छातीने वर गेलो. मुलगी ओरडली, मीही ओरडलो. त्याचं चित्रीकरण नाही.

दुपारी जेवणाच्या हॉलमध्ये आणि छताखालच्या रांगांमध्ये काढलेल्या सगळ्या चित्रांवर काळसर पट्टे सरकताना दिसतात. आपल्याकडे वीज ५० सायकलची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभरदा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही. कॅमेरा परदेशी सवयीप्रमाणे ६० वर लावलेला असला की दोघांचा ताल जुळत नाही आणि पट्टे पळतात. सेटिंगमध्ये ५० निवडलं की काम भागतं. थापलिंगाच्या उन्हात हे कळायला मार्गच नव्हता. घरातल्या ट्यूबलाइटखाली एकदा धरला असता तर कळलं असतं. आईचा आवडता व्हिडिओ, ज्यात ती नातवाला कुल्फी भरवते, तो त्या पट्ट्यांमधून पाहावा लागतो.

रात्री खोपोलीत मुक्काम. कॅमेरा चार्जिंगला लावायला पुन्हा दार उघडलं. कार्डातलं सगळं फोनवर उतरवून घ्यायची वेळ हीच होती. बायको म्हणालीही, “घेऊन ठेवा ना एकदा.” मी म्हटलं, उद्या एकदमच घेऊ.

दुसऱ्या दिवशी वॉटर पार्क. घसरगुंड्यांवर कॅमेरा नेण्याचा आग्रह मी या वेळी धरला नाही, तेवढं शहाणपण आलं होतं. लाटांच्या तलावात कडेला, जिथे पाणी गुडघ्याला लागतं, तिथे धाकट्याच्या हातात नारिंगी मूठ दिली. तो बसला, उठला, कॅमेरा पाण्यात बुडवला, वर काढला, हसला. तिसऱ्या-चौथ्या लाटेला पडद्यावर धुकं आलं. मला वाटलं भिंगाला वाफ आली. मग पडदा निळा झाला आणि विझला. दार उघडलं तर आतून चमचाभर पाणी निघालं.

मग शेवटची चूक, तीही पूर्ण आत्मविश्वासाने केलेली. घरी आल्यावर इंद्रायणीच्या डब्यात कॅमेरा पुरला. तांदूळ पाणी ओढतो हे ऐकून होतो. उघड्यावर, कोरड्या वाऱ्यात, दार उघडं टाकून ठेवणं यापेक्षा बरं असतं. तांदळाने पाणी ओढलं असेल-नसेल, तांदळाची भुकटी मात्र आत गेली.

पुढच्या खेपेला पुण्याला माल भरायला गेलो तेव्हा तपकीर गल्लीत एका कारागिराला दाखवला. त्याने दार उघडलं, चिमट्याने रबराची कडी बाहेर काढली आणि पांढऱ्या कागदावर ठेवली. कागदावर पिवळे-लाल कण सांडले. “हे काय टाकलंय ह्याच्यात?” मी म्हणालो, भंडारा. त्याला आश्चर्य वाटलं नाही. तो म्हणाला, “ही कडी काळी असते साहेब. केस अडकला तरी पाणी आत येतं, इथं तर देवच बसलाय.” पुस्तिकेतली अट हीच होती. दार लावण्याआधी रबर पाहा, पुसा, केस-कण काही नाही याची खात्री करा.

दुकानात दर आठवड्याला कुणीतरी गळका पंप घेऊन येतं. मी पंप पाहायच्या आधीच सांगतो, वायसर काढ, धू, मातीचा कण असेल. पंधरा वर्षं सांगतोय. खोडदच्या एका गिऱ्हाइकाला तर मी पुण्याहून परत आलो त्याच संध्याकाळी हे सुनावलं, आणि मेव्हणा बाजूच्या स्टुलावर बसलेला होता. त्याने फक्त माझ्याकडे पाहिलं.

दुरुस्तीचा खर्च नव्या कॅमेऱ्याच्या जवळ जात होता, म्हणून कॅमेरा कारागिराकडेच सोडला. कार्ड सुकवून पाहिलं तर शाबूत होतं. घामेजलेल्या रांगा, कुल्फी, बायको आणि वहिनी टोप्यांवरून भांडताना, धाकट्याचं पाण्यातलं हसू, असं बरंच काही निघालं, आणि मी ज्यासाठी कॅमेरा घेतला त्यातलं काहीच नव्हतं. सगळ्यात लांब फाइल निघाली ती लॉकरमधली. पिशवीत टाकताना बटण दाबलं गेलं होतं. चित्र म्हणजे पूर्ण अंधार, पट्टे नाहीत, हादरे नाहीत. आवाज मात्र स्वच्छ. शेजारच्या कप्प्यात कुणाचा तरी फोन वाजून वाजून थांबतो, आणि बऱ्याच वेळाने माझा आवाज येतो, “किल्ली कुणाकडंय?” मग कुलूप वाजतं, उजेड होतो आणि मुलगी म्हणते, “पप्पा, हे चालूच आहे.”

मेव्हण्याने ती फाइल मागून घेतली आहे. भावकीच्या ग्रुपवर तीच गेली.