उगम आणि आच

खेड्यातून आलेल्या लेखकाला ‘तुमच्याकडे अनुभवांची खाण आहे’ असे हमखास ऐकवले जाते. शिरूर तालुक्यातले न्हावरे हे माझे गाव, त्यामुळे हे कौतुक माझ्याही वाट्याला आले. मात्र समुद्रातल्या तेलाविषयी वाचल्यापासून ही उपमा मला अपुरी वाटू लागली आहे.

आमच्याकडे विहीर खणताना मुरुमाखाली जो काळा पाषाण लागतो, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. हेच थर पश्चिमेला अरबी समुद्राच्या तळाखालीही आहेत. तिथे जमीन खचत गेली आणि पाषाणावर गाळ साचत राहिला. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरांवर, १९७४ साली ‘सागर सम्राट’ने केलेल्या खोदकामात तेल लागले, ते या गाळाच्या खडकांत.

पण तेल जिथे सापडले तिथे ते जन्मले नव्हते. ‘मुंबई हाय’चे तेल प्रामुख्याने मायोसीन काळातल्या चुनखडकाच्या छिद्रांत साठले आहे, त्याचा उगम मात्र भोवतालच्या खोलगट भागांतल्या, ‘पन्ना’ या अधिक जुन्या थरांतील शेल आणि कोळशात मानला जातो. असा स्रोत खडक पारखताना भूवैज्ञानिक विचारतात : सेंद्रिय कार्बन किती? तो शैवालाचा की लाकडाचा? आणि त्याला आच किती लागली? साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअसच्या दरम्यान तेल तयार होते. त्याहून कमी आचेवर खडक कच्चाच राहतो, जास्त झाली तर वायू होतो. कोळशाच्या कणांची चकाकी सूक्ष्मदर्शकाखाली मोजून ही आच ताडतात. एवढ्यानेही भागत नाही. तेल वाहू लागण्यापूर्वी त्याला अडवणारा उंचवटा आणि वरचे अभेद्य झाकण तयार असावे लागते, नाहीतर ते निसटून जाते.

आपल्या समीक्षेत उगमाचा शोध पुष्कळ होतो. अमुक कृती कोणत्या परकीय कृतीवरून सुचली, तमुक लेखक कोणत्या मातीतला, हे कळले की आपण समाधानी होतो. भूवैज्ञानिकाच्या लेखी उगम ही अनेक अटींपैकी एक अट आहे. अस्सल माती म्हणजे फार तर चांगला स्रोत खडक. आच, अवधी, वाट आणि आकार यांचा हिशेब पुढे उरतोच.

१९७२च्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकत आम्ही वाढलो. ‘त्यावर लिही, सगळे तयारच आहे’ असे मित्र म्हणतात. त्या गोष्टी खऱ्या आहेत, आमच्या आहेत. पण तेवढ्याने त्या तयार झाल्या असे मला म्हणवत नाही.