मयताशी नातं

आईनं दुसरं लग्न केलं तेव्हा मी दुसरीत होते. नाना एसटीत कंडक्टर. संध्याकाळी कातडी पिशवीतली चिल्लर सतरंजीवर ओतायचे आणि मला नाण्यांच्या चळती लावायला बसवायचे. माझा हिशोब असा पक्का झाला.

पण मराठी माणसाच्या नावात वडील मधोमध बसलेले असतात. शाळेच्या दाखल्यावर माझ्या नावाच्या मधे पहिल्या वडिलांचं नाव होतं आणि प्रगतिपुस्तकावर सही नानांची. कुणी विचारलं, की मी तोंड उघडायच्या आत शेजारची मुलगी सांगून टाकायची, ‘सावत्र आहेत तिचे.’ तो शब्द मला फार लागायचा.

कॉलेजात बाईंनी एकदा ‘सवत’ शब्द फोडून दाखवला : संस्कृतात सपत्नी, प्राकृतात सवत्ती. ‘सावत्र’ही त्याच घरातला, ‘सापत्न’वरून आलेला. मी वही मिटून बसले. सावत्र आई ही खरोखरच आईची सवत, सावत्र भाऊ तिच्या पोटचा. पण नानांचा सवतीशी काय संबंध? एका पुरुषाच्या दोन बायका जिथं रीतसर नांदायच्या, त्या घरानं हा शब्द घडवला. बाईचं दुसरं लग्न त्याच्या हिशोबातच नव्हतं. अनेक जातींत पाट लागायचे, मोहतूर व्हायचे, पण उच्चवर्णीयांत 1856चा विधवाविवाहाचा कायदा होऊनही 1893मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं, तर त्यांच्या मुरुड गावानं त्यांना वाळीत टाकलं. गुजरातीत आईच्या दुसऱ्या लग्नात तिच्यासोबत आलेल्या पोराला ‘आंगळियात’ म्हणतात, आईचं बोट धरून आलेलं. मला तो शब्द आवडतो. निदान त्यात बोट तरी आहे.

नाना गेले. त्यांना दुसरं मूल नव्हतं. वारस नोंदीच्या अर्जात ‘मयताशी नातं’ असा रकाना होता. मी ‘मुलगी’ लिहिलं. साहेबांनी दाखला पाहिला आणि शांतपणे ते खोडलं. 1956च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात बायकोचं आधीचं मूल नवऱ्याचं वारस होत नाही. दत्तक घेतलेलं मूल वारस होतं, पण नानांनी मला कागदावर दत्तक घेतलं नव्हतं. जमीन आईच्या नावावर लागली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझं भांडण आहे ते त्या रकान्याशी. तिथं मला ‘मुलगी’ लिहायचं होतं, आणि आजही तेच लिहीन.