दहा रुपये आणि एक फोटो

शिवभोजन थाळीत मला सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे तिची किंमत. दोन चपात्या, वाटीभर भाजी, वरण, भाताची मूद, सगळं मिळून 10 रुपये. 26 जानेवारी 2020 ला योजना सुरू झाली आणि दोन महिन्यांत कोरोनाची टाळेबंदी आली. मग थाळी 5 रुपयांवर आली, 2021 च्या लाटेत फुकट झाली आणि पुढे पुन्हा 10 वर गेली. शहरात एका थाळीमागे सरकार केंद्रचालकाला 40 रुपये देतं. त्यापुढे दहाची नोट ती किती! पण ती पुढे करणारा माणूस गिऱ्हाईक असतो. भाजी पांचट असली तर बोलूही शकतो.

बोलत मात्र कोणी नाही. पुण्यात मार्केट यार्डाकडच्या एका केंद्रावर पैसे घेतल्यावर पोरगा मोबाइल वर धरतो. ‘‘काका, इकडं बघा.’’ काका टोपी सारखी करतात. त्यांच्यामागची बाई पदर पुढे ओढून खाली बघत राहते. ‘‘मावशी, चेहरा दिसू द्या की.’’ नाव, फोटो, मगच ताट.

कारण ठाऊक आहे. खोट्या थाळ्या दाखवून बिलं काढल्याचे प्रकार उघडकीला आले आहेत. म्हणजे संशय चालकावर आणि हजेरी जेवणाऱ्याची.

पुण्याला दुसऱ्याच्या घासावर जगणं नवं नाही. माधुकरी मागून, वार लावून जेवून इथे पिढ्या शिकल्या. कुठल्या घरी कोणत्या तोंडाने वाढतात, हे त्या पोरांना पाठ असे. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने सत्तरच्या दशकात ‘कष्टाची भाकर’ काढली, तिचं मोल मला इथे कळतं. ना नफा तत्त्वावरचं, कष्टकऱ्यांनीच कष्टकऱ्यांसाठी चालवलेलं ते जेवण. पैसे टाका, जेवा, चालू लागा.

रेशनचंही त्या फोटोसारखंच. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो धान्य 2023 पासून मोफत, पण आधी अंगठा. भांडी घासून रेषा झिजलेल्या बाईला यंत्र ओळखत नाही आणि ती दुकानदारासमोर बोट पुन्हापुन्हा पदराला पुसत राहते.

चोरी होऊ नये, हे मलाही हवंच आहे. मग केंद्रात आलेलं पीठ मोजा, तांदूळ मोजा, महिन्याला किती सिलिंडर लागले ते विचारा, भर दुपारी न सांगता जाऊन ताटं मोजा. पुरवठा खात्यात निरीक्षक नावाचं पद आहे, त्याला पगारही मिळतो.