देवाचं लाकूड

देवदार म्हटलं की आपली मान आपोआप वर जाते. हिमालय, बर्फ, धुक्यात घुसलेला शेंडा. नाव ठेवणाऱ्याची नजर मात्र खाली, कापलेल्या ओंडक्यावर असावी. संस्कृतात 'दारु' म्हणजे लाकूड; दारुहळदीतला दारु तोच. (पिणाऱ्यांनी उगाच खूश होऊ नये, ती दारू फारसीतून आली.)

हे बारसं एखाद्या सुतारानेच केलं असेल, असं मला वाटतं. देवदाराची ताजी फळी नाकाशी धरली की तेलकट, उग्र-गोड वास येतो. या तेलामुळेच वाळवी नि बुरशी सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. मनालीचं 1553 सालचं हिडिंबा मंदिर देवदाराच्या राईत उभं आहे, लाकूडही देवदाराचंच. श्रीनगरच्या जामा मशिदीचे 300 हून अधिक खांब याच झाडाचे. नावातला देव कुणाचा, हे लाकडाने कधी विचारलं नाही.

कालिदासाने मात्र या लाकडाला घरचं माणूस केलं. 'रघुवंशा'तला देवदार शंकराचा मानलेला मुलगा. एका रानहत्तीने अंग घासून त्याची साल सोलली, तर पार्वतीचा जीव कळवळला आणि शंकराने राखणीला थेट सिंह बसवला. असा वनरक्षक पुन्हा कुठल्या झाडाला मिळाला नाही. पुढे इंग्रजांना रुळांखाली घालायला स्लीपर हवे झाले. डोंगरच्या डोंगर तोडून ओंडके नद्यांत सोडले गेले. देव बाजूला राहिला, दारु तेवढा उरला. आपल्याकडे तर मालाच्या स्वस्त खोक्याला 'देवदारी खोकं' म्हणायची पद्धत, मग आतलं लाकूड पाइनचं का असेना!

बारा ज्योतिर्लिंगांतला नागेश दारुकावनात आहे म्हणतात. हिंगोलीच्या औंढा नागनाथाचा त्यावर दावा आहे, द्वारकेजवळच्या नागेश्वराचाही आहे. भक्तांच्या भांडणात मी पडत नाही. पण नावाला जागेल असं रान अल्मोड्याजवळच्या जागेश्वरलाच आहे. जुनी दगडी देवळं, भोवती देवदारच देवदार. 2024 साली रस्ता रुंद करण्यासाठी तिथली झाडं तोडायचा बेत निघाला, तेव्हा सिंह आला नाही. गावकरीच आडवे आले.