आगाऊ वर्दी

आमच्या अमेरिकास्थित आतेभावाने काही वर्षांपूर्वी परत जाताना एक काळी डबी आमच्याकडे ठेवली : रडार डिटेक्टर. गाडीच्या काचेला चिकटवावी, लायटरच्या भोकातून वीज द्यावी, की पुढे कुठे वेग मोजला जात असल्यास ती आधीच चिवचिवते, असा तिचा लौकिक. वरचेवर सोलापूरहून पुणे गाठणाऱ्या आम्हां उभयतांना याहून उत्तम भेट कोणती असणार?

डबीमागचे तत्त्व निर्दोष आहे. रडार गनमधून निघालेल्या लहरी धावत्या गाडीवर आदळून परततात, तेव्हा त्यांची वारंवारता बदललेली असते. त्या फरकावरून वेग कळतो. परतेपर्यंत लहरी क्षीण होतात. डबीला मात्र केवळ जाणारी लहर ऐकायची असते. त्यामुळे पोलिसांना गाडी कळण्याआधी गाडीला पोलीस कळतात. व्हर्जिनिया राज्यात तिच्यावर बंदी आहे, ती उगाच नव्हे.

आमच्या रस्त्यावर मात्र ती ओरडे ती आपोआप उघडणाऱ्या काचेच्या दारांजवळ; त्या दारांतही तशाच लहरी असतात. मोहोळच्या पुढे आम्हांला दंड झाला त्या दिवशी ती वेळेवर बोलली नाही. महामार्ग पोलिसांच्या गाडीत होती लेझर गन. तिचा किरण तीनशे मीटरवर जेमतेम मीटरभर रुंद होतो आणि क्षणार्धात वेग टिपतो. डबी बोलली तेव्हा नोंद होऊन गेली होती. चलन मोबाइलवर आले. आणि दोन कॅमेऱ्यांमधला वेळ मोजून सरासरी वेग काढणाऱ्या यंत्रणेपुढे तर ऐकण्यासारखी लहरच नसते. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याने दिलेला डिप्पर आमच्या डबीहून भरवशाचा, हे एव्हाना कळायला हवे होते.

तरीही आम्ही ती काढली नाही. तिच्या मौनाची सवय झाली होती. ती गप्प, म्हणजे रस्ता मोकळा.

गाळपाचा हंगाम होता. रात्री टेंभुर्णीच्या अलीकडे आमचा काटा १२० वर होता आणि डबीचा हिरवा दिवा शांत होता. पुढे अंधारात आणखी गडद असे काहीतरी दिसले : उसाने भरलेली ट्रॉली, मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. १२० च्या वेगाने सेकंदाला ३३ मीटर अंतर सरते. ब्रेक लावल्यावर थांबायला १०० च्या मानाने ४४ टक्के अधिक रस्ता लागतो. हे हिशेब आम्ही नंतर केले. गाडी थांबली तेव्हा उसाची टोके बॉनेटपासून हातभर अंतरावर होती. मागच्या आसनावर मुले झोपली होती. ती जागीही झाली नाहीत.

पुण्याचे अडीचशे किलोमीटर शंभरने गेले तर अडीच तास, एकशेवीसने गेले तर पंचवीस मिनिटे कमी. एवढ्यासाठी आम्ही पोलिसांवर पाळत ठेवली होती, आणि रस्त्याकडे पाहायचे राहून गेले होते.

डबी आता माळ्यावर आहे. आतेभाऊ फोनवर अधूनमधून विचारतो, "उपयोग होतोय ना रे?" आम्ही "होतो की" म्हणतो. नाही म्हटले तर कारण सांगावे लागेल, आणि त्या रात्रीविषयी आम्ही अजून घरात कुणालाच सांगितलेले नाही.