जागल्या

टीएनएफ हे एक छोटं प्रथिन. १५७ अमिनो आम्लांची एक साखळी, आणि अशा तीन साखळ्या एकमेकींना बिलगल्या की त्याचा देह पुरा होतो. काम मात्र जुन्या गावगाड्यातल्या जागल्याचं: विपरीत दिसलं की हाकाटी करून सगळ्यांना उठवायचं. जंतू शिरले किंवा इजा झाली की मॅक्रोफेज पेशी त्याला सोडतात. मग तो रक्तवाहिन्या सैल करतो, पांढऱ्या पेशींना बोलावून घेतो, ताप चढवतो.

१९७५ साली न्यूयॉर्कमध्ये लॉइड ओल्ड यांच्या गटाने त्याला ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर हे नाव दिलं, कारण उंदरांमधल्या कर्करोगाच्या गाठी तो मारत होता. दहा वर्षांनी कळलं, की आजारी जनावरांना खंगवणारा 'कॅकेक्टिन' म्हणजे हाच. तारणं आणि छळणं त्याच्या अंगी तेव्हापासूनच एकत्र दिसतं.

नसेच्या दुखण्यात त्याची ओळख पटायला आणखी वेळ लागला. मणक्यातली गादी फाटून आतला गर नसेला टेकला की सायटिका होतो, हे बोस्टनच्या मिक्सटर आणि बार यांनी १९३४ मध्ये दाखवलं. 'नस दबली आहे' हे उत्तर तेव्हा रुजलं, आणि ते खोटं नाही. पण ते अपुरं आहे. १९९३ मध्ये स्वीडनच्या ओलमार्कर यांनी सहकाऱ्यांसह डुकरांच्या नसांच्या मुळांवर हा गर नुसता ठेवला, दाब अजिबात दिला नाही. तरी नसांमधून संदेश जायचा वेग घटला. पुढे १९९८ मध्ये त्या गराच्या पेशींतच टीएनएफ सापडला, आणि त्याला अडवल्यावर नसेची हानी कमी झाली.

वेदना वाहून नेणाऱ्या पेशीवर तो बसला की आत पी३८ नावाचं विकर जागं होतं आणि सोडियम आत येण्याच्या वाटा सहज उघडू लागतात. एरवी जिची दखलही नस घेणार नाही, तेवढीशी हालचालही मग पुरते. साधी शिंक आली तरी मांडीपासून पोटरीपर्यंत कळ जाते. मज्जारज्जूतल्या मायक्रोग्लिया पेशीही टीएनएफ सोडू लागतात, आणि मूळ इजा निवळल्यावरही ठणका उरू शकतो.

मग त्याला हाकलून का देऊ नये? कारण बाहेर आलेला गर खाऊन टाकायला मॅक्रोफेज पेशींना कामाला लावण्यात त्याचाच हात असतो. अनेकांची सरकलेली गादी शस्त्रक्रियेविना काही महिन्यांत आक्रसते, ती या सफाईमुळे. शरीरात दबून असलेल्या क्षयाला पेशींच्या कड्यात कोंडून ठेवण्यातही त्याचा मोठा वाटा आहे. म्हणून संधिवातात त्याला रोखणारं औषध देण्याआधी डॉक्टर क्षयाची तपासणी करतात. सायटिकावर असंच एक औषध, इन्फ्लिक्सिमॅब, फिनलंडमध्ये तपासलं गेलं. पण ते खोट्या औषधापेक्षा सरस ठरलं नाही. दुखणं पेटवणारा तो एकटा नसतो. इंटरल्यूकिन-१ बीटा, इंटरल्यूकिन-६ हेही सोबत असतात.

एमआरआयमध्ये गादीचा फुगवटा दिसतो, टीएनएफ दिसत नाही. १९९४ साली अमेरिकेत पाठदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तेव्हा सगळ्या गाद्या ठाकठीक असलेले फक्त ३६ टक्के निघाले. फुगवटा असून दुखत नाही, तसंच फुगवटा किरकोळ असून असह्य दुखू शकतं. म्हणून रिपोर्ट 'फार काही नाही' म्हणत असताना घरातलं कुणी दहा मिनिटंही बसू शकत नसेल, तर 'मनाचे खेळ आहेत' असं त्याला कधीही म्हणू नये. किती दुखतंय ते त्यालाच विचारावं, आणि तो सांगेल ते खरं मानावं.